दोरवाल्याची कवळी

‘नववा धक्का’ नावाच्या सिनेमांचं वेड असलेली माणसं एका बाजूला आणि ते काय असतं हे ठाऊकच नसलेली दुसऱ्या बाजूला, अशी जगाची वाटणी केली असती, तर मास्तर मधल्या बांधावर उभे सापडले असते. पहिला सिनेमा त्यांनी पंचविसाव्या वर्षी पाहिला, तोही दुसऱ्याच एका सिनेमाची तिकिटं संपली म्हणून. दुसरा लेकीने हट्ट केला म्हणून. तिसऱ्याला मध्यंतरानंतर डोळा लागला. चौथा राहूनच गेला. अवकाशाच्या कुठल्याशा टोकाला जहाजं लागायचा एक जुना धक्का आहे, त्याचा नंबर नववा, आणि तिथे सतत काहीतरी संकट येतं, एवढंच त्यांना माहीत. मग आधीचे आठ धक्के कुठे गेले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी थिएटरच्या पायऱ्या उतरताना बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली होती, “ते आठ लग्नानंतर बसतात.” तेव्हा त्यांच्या लग्नाला चार महिने झाले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते कवळ्या करत. एका इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, डेंटल लॅब होती. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे, प्रत्येक जबड्याखाली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसायचं. ‘स्त्री, ७१, वरची पूर्ण’ किंवा ‘पुरुष, ६४, दोन्ही’, आणि दातांच्या रंगाचा नंबर. दवाखान्यांतून तोंडांचे ठसे यायचे, मास्तर त्यात प्लास्टर ओतायचे, साचा निघाला की त्यावर मेणाच्या हिरड्या रचायचे आणि त्या मेणात एकेक दात बसवायचे. मग मेण जाऊन तिथे गुलाबी प्लास्टिक यायचं, आणि शेवटी चाकावर घासून कवळी अशी चकचकीत व्हायची, की वाटावं, ही आता आपणहून बोलायला लागेल. चौतीस वर्षांत त्यांनी काही हजार माणसांना हसतं केलं, पण त्यातल्या पाचपन्नासांचे चेहरेसुद्धा पाहिले नव्हते. साचा हातात घेतला की मात्र हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो की नाही, रागीट आहे की सगळं गिळून बसणारा, हे त्यांना कळायचं. कळायचं, पण ते सांगायचे नाहीत. एकंदरीतच ते काही सांगायचे नाहीत. “जगाला दात बसवतात आणि स्वतःची मात्र दातखीळ,” असं बायको म्हणायची.

ती आता इथे नव्हती. तीन वर्षांपूर्वी लेकीचं बाळंतपण करायला गेली होती, विमानाने चार तासांवर. जाताना सहा महिन्यांचे कपडे नेले होते. मग नात रांगायला लागली, लेकीची नोकरी सुरू झाली, मग दुसरी नात झाली. प्रत्येक वेळी “अजून थोडे दिवस” असं ठरलं. भांडण नाही, रुसवा नाही. कपाटातला तिचा कप्पा तसाच होता. दर काही महिन्यांनी कुणी तिकडे जाणारं भेटलं की मास्तर त्यातल्या चार वस्तू पाठवून द्यायचे. असं करता करता तो कप्पा जवळजवळ रिकामा झाला होता, आणि तो रिकामा होतोय हे मास्तरांच्या लक्षात यायच्या आधी तिथे त्यांचे पायमोजे आले होते.

दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. मोठी नात फोन पळवून त्यांना छत दाखवायची. मग बायको विचारायची, “जेवताय ना वेळेवर?”

“हो.”

“रक्तदाबाची गोळी?”

“हो.”

“गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी?”

“हो.”

सात मिनिटांत आटपायचं. मग मास्तर फोन टेबलावर पालथा ठेवायचे आणि आता उरलेल्या रविवाराचं काय करावं, असा चेहरा करून बसायचे.

लॅबमध्ये त्यांच्याशी घटकाभर बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ठसेवाला. पन्नाशीचा, दवाखान्यांतून ठसे गोळा करून मोटारसायकलवर आणून पोचवणारा. ‘नववा धक्का’ म्हणजे त्याचा जीव. हेल्मेटवर धक्क्याचं चित्र, किल्लीला धक्क्याचा लोलक, आणि मोबाइल वाजला की त्यातून जहाजाचा भोंगा. एका सकाळी तो ठशांचा डबा तसाच हातात घेऊन, हेल्मेटसुद्धा न काढता आत आला.

“मास्तर, दोरवाल्यावर मालिका येतेय! आख्खी मालिका! आठ भाग!”

“कोण दोरवाला?”

ठसेवाल्याने हेल्मेट काढलं. थोबाडीत बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. “पहिल्या सिनेमात... धक्का तुटतो, जहाज अंधारात वाहून जायला लागतं, आणि एक माणूस छोट्या बोटीसारखं जहाज घेऊन येतो, ‘दोर सोडू नका, मी येतोय’ म्हणतो. आठवत नाही?”

“तो? तो तर चारदा दिसतो फक्त.”

“चारदाच! म्हणून तर!” ठसेवाला म्हणाला. “चौतीस वर्षं लोक थांबलेत त्याच्यासाठी. तोच नट आहे, मास्तर. आता म्हातारा झालाय, पण तोच.” मग त्याने डबा टेबलावर ठेवला आणि जरा दयेने म्हणाला, “तुम्ही बघा. तुमच्यासारख्या वरवरच्या माणसालाही समजेल.”

शुक्रवारी संध्याकाळी मास्तर साडेसहाला घरी आले. दोन अंडी उकडली, ब्रेड भाजला. लेकीने कधीतरी टीव्हीवरच्या तिच्या खात्यावर त्यांच्या नावाचा एक चौकोन करून दिला होता, ‘बाबा’, आणि वर अस्वलाचं चित्र. तो त्यांनी आजवर उघडलाच नव्हता. आता उघडला. टीव्हीने विचारलं, कोण बघतंय? त्यांनी अस्वलावर बटण दाबलं.

पहिल्या भागात फारसं काही घडत नव्हतं. दोरवाला एका बंद पडलेल्या गोदीत एकटा राहत होता. त्याचं लायसन्स गेलं होतं. सकाळी उठायचा, जहाजाचं इंजिन तापवायचा, कुठे न जाता ते बंद करायचा. मग त्याला दूरवर एक दिवा दिसतो, लुकलुकणारा, भरकटलेल्या जहाजाचा, आणि तो दोर घेऊन निघतो. संवाद परक्या भाषेत होते आणि खाली पट्टीवर अर्थ येत होता, पण मास्तरांचं पट्टीकडे लक्ष नव्हतं. ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

निघायच्या आधी दोरवाल्याने एक बिस्कीट खाल्लं. समोरच्या दातांनी तोडलं नाही; हाताने मोडलं आणि तुकडा दाढेखाली सरकवला. बोलायच्या आधी त्याची जीभ खालच्या ओठाच्या आत किंचित दाबायची. वरचा ओठ जरा जास्तच भरलेला होता.

“खालची ढिली आहे,” मास्तर मोठ्याने म्हणाले.

आपलाच आवाज ऐकून ते दचकले. त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी पूर्ण वाक्य बोललं नव्हतं. त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा. मग अंडं सोलायला घेतलं.

त्यानंतर शुक्रवार हा शुक्रवार झाला. लॅबमधून निघताना ते हात जरा लवकर धुवायला लागले. दोरवाला त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा होता. पहिल्या सिनेमात त्याचे स्वतःचे दात होते, मास्तरांना ते आता आठवायला लागले: खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. आता त्या जागी सरळ रांग होती. कुणीतरी, कुठल्यातरी खिडकीशी बसून, ते दात मेणात एकेक करून लावले असणार. भाग संपला की नावं वर सरकत जात आणि मास्तर चष्मा चढवून ती सगळी वाचत. केस करणारे होते, गाड्या चालवणारे होते, स्वयंपाकी होते, कुत्र्याला शिकवणाराही एक होता. दातवाला कुठेच नव्हता.

एकच कटकट होती. कधी मागचा भाग पुन्हा बघावासा वाटला, तर तो सुरुवातीपासून लागायचा नाही, मधूनच कुठूनतरी सुरू व्हायचा. टीव्ही जुना झालाय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चौथ्या भागानंतर त्यांना राहवेना. शनिवारी ठसेवाला आला तेव्हा ते आपणहून म्हणाले, “बघतो मी ते.”

“काय सांगता!” ठसेवाला खुर्ची ओढून बसला. “कुठपर्यंत?”

“चार झाले.”

“मग या शुक्रवारी आमच्यात या. आम्ही अकरा जण एकत्र बघतो. मोटारींच्या काचा विकणारा आहे ना एक आमच्यात, त्याच्या गोदामात. पडदा लावतो. तुम्ही एकटे कशाला बघता?”

शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं होतं. मास्तर मात्र ते आठवडाभर बरोबर घेऊन हिंडले.

शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गोदामाच्या दाराशी पाठीवर शेपटासारखे पांढरे केस बांधलेला एक मोठा माणूस उभा होता. तो कुठल्याशा कचेरीत टपालाची नोंद ठेवायचा, पण इथे त्याचा दरारा होता. त्याने हात आडवा धरला. “दोरवाल्याच्या जहाजाचा नंबर?”

मास्तर ठसेवाल्याकडे बघायला लागले.

“पाहुणे आहेत,” ठसेवाला घाईने म्हणाला. “वरवरचे आहेत. पण चांगले आहेत.”

शेपटीवाल्याने मास्तरांच्या खिशावर एक कागद चिकटवला. त्यावर ‘पाहुणा’ असं लिहिलं होतं.

काचांच्या उभ्या पेट्यांमधून वाट काढत सगळे खुर्च्यांवर बसले. पाचवा भाग सुरू झाला. लोक मधे मधे एकदम हसत, एकदम हळहळत, आणि कशाला हे मास्तरांना कळत नसे. कुठल्याशा भिंतीवर दुसऱ्या सिनेमातलं चिन्ह होतं म्हणे. तरी त्यांना बरं वाटत होतं. शेजारच्याचा कोपर त्यांच्या कोपराला लागत होता.

मग दोरवाला पडद्यावर आला. दोर तुटला होता, तो नवा बांधत होता, आणि वर बघून हसला. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. दात बदलले होते. रंग एका नंबराने उजळ, सुळे जरा आत, आणि मुख्य म्हणजे जीभ आता दाबत नव्हती.

भाग संपल्यावर दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. मागच्या भागात जहाजाला चौदा खिळे होते आणि या भागात तेरा, यावर दहा मिनिटं गेली. एकाने विचारलं, “अजून कुणाला काही चूक दिसली?”

मास्तरांनी हात वर केला. शाळेत असताना त्यांनी शेवटचा केला असेल.

“चूक नव्हे,” ते म्हणाले. “पण त्यांनी कवळी बदललीय. आधीची खालची ढिली होती. मधे कुणीतरी नवीन करून दिलीय. काम चांगलं आहे.”

मागून एकजण फिस्सकन हसला.

“कोणाची कवळी?” शेपटीवाल्याने विचारलं.

“दोरवाल्याची.”

“तो माणूस सहासष्टाव्या वर्षी स्वतः उड्या मारतो. माहीत आहे का तुम्हाला?”

“उड्या मारायला दात लागत नाहीत,” मास्तर म्हणाले. त्यांना ते खरोखरच समजावून सांगायचं होतं, पण सगळे हसले, आणि ते हसणं शेपटीवाल्याच्या बाजूचं होतं.

“आठ भागांची मालिका,” शेपटीवाला म्हणाला, “आणि तुम्ही काय बघितलं, तर दात?”

“मला दुसरं काही कळत नाही हो,” मास्तर म्हणाले.

मग लोक उठले, दोघातिघांचे घोळके झाले. मास्तर हातात पाण्याचा कागदी पेला घेऊन काचांच्या पेट्यांजवळ उभे राहिले. पेट्यांमधल्या काचांत त्यांना स्वतःच एकामागे एक असे सहा-सात दिसत होते. पेला रिकामा झाल्यावर ते निघाले. ठसेवाला दारापर्यंत आला. “मनावर घेऊ नका, मास्तर. त्यांना त्याच्याबद्दल असलं काही आवडत नाही.”

“वाईट काय बोललो मी?”

“वाईट नाही. पण... कवळी म्हणजे...”

मास्तर चालतच घरी आले. लोक हसले याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. आपल्याजवळ चारचौघांत द्यावं असं काहीतरी आहे, असं मिनिटभर त्यांना वाटून गेलं होतं, तेच आता सलत होतं. जिन्यात दिवा नव्हता. शर्ट काढताना खिशावरचा कागद हाताला लागला, तो त्यांनी चुरगळून टाकला.

रविवारी अकराला फोन आला. छत दिसलं, पंखा दिसला, मग बायको. जेवण, गोळी, कुंड्या झाल्या. सहावं मिनिट चालू असेल. ती म्हणाली, “अहो, एक विचारू? तुम्हालाच कळेल म्हणून विचारते.”

“हं.”

“तो दोरवाला. त्याने परवाच्या भागात कवळी बदलली ना हो?”

मास्तर फोनकडे बघतच राहिले.

“मला वाटलंच,” ती म्हणत होती. “आधी बोलायला लागला की जीभ अशी पुढे यायची, तुम्ही ते एकदा दाखवलं होतंत मला, आपल्या त्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं. परवा आली नाही. शिवाय पांढरी जास्त वाटली. का माझाच भास?”

“भास नाही,” मास्तर म्हणाले. “एक नंबर उजळ आहे. तू... तू कुठे बघितलंस?”

“इथेच. दुपारी धाकटी झोपली की. तुमच्याच त्या अस्वलावर.”

“अस्वलावर?”

“मग? लेकीच्या चौकोनात गेलं की तिला कळतं, आई दिवसभर टीव्ही बघते म्हणून. तुमचा मोकळा पडला होता. पहिल्या आठवड्यात उघडला तर लाल रेघ पुढे गेलेली. म्हटलं, अगंबाई, हे बघतायत की काय! मग मी शनिवारी बघायला लागले. आधी तुमचं होऊ दे, मग माझं.”

“मला वाटलं, टीव्ही बिघडलाय.”

“वाटणारच तुम्हाला!” ती हसली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

त्या दिवशी फोन पाऊण तास चालला. मास्तरांनी बिस्किटाचं सांगितलं, सुळ्यांचं सांगितलं, गोदामाचंही सांगितलं, तेव्हा या वेळी रेघ का हलली नव्हती ते तिला कळलं. शेपटीवाल्याने काय विचारलं ते ऐकून ती म्हणाली, “मेल्याचे स्वतःचे पडतील तेव्हा येईल तुमच्याकडेच.” नावांच्या यादीत दातवाला नसतो, हे तिलाही माहीत होतं. तिनेही शोधला होता.

पुढचा आठवडा मास्तरांचा वेगळाच गेला. चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर ते काहीबाही लिहून ठेवायला लागले, रविवारी सांगायचं म्हणून. सहावा भाग झाला. रविवारची त्यांना वाट पाहावी लागली नाही, शनिवारी संध्याकाळीच तिचा फोन आला. बोलता बोलता, आनंदाच्या भरात, ते म्हणाले, “तू ये आता परत. दोनच भाग राहिलेत. इथे बसून बघू दोघं.”

तिकडे नळ चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला.

“अहो, तिथे बसून आपण दोघांनी काय बघितलं कधी?”

“म्हणजे?”

“रागावू नका. मी खरंच सहा महिन्यांसाठीच आले होते. पण इथे आल्यावर माझ्या लक्षात आलं, की दिवसभरात चार माणसं माझ्याशी बोलतात. लेक बोलते, जावई बोलतो, खालची शेजारीण तर भाषा येत नसून बोलते. तिथे तुम्ही यायचात, हात धुवायचात, जेवायचात. मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवायचे, घरात कुणाचातरी आवाज असावा म्हणून. गेल्या रविवारी तुम्ही जेवढं बोललात ना, तेवढं तीस वर्षांत एका दमात बोलला नव्हतात.”

“तू सांगायचंस तेव्हाच.”

“कुणाला?”

मास्तर गप्प राहिले. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. शब्द कुठून सुरू करावा, तेवढंच सापडत नव्हतं.

“बघा,” ती म्हणाली, अगदी हळू. “आत्तासुद्धा.”

त्या रविवारी फोन आला नाही. शुक्रवारी सातवा भाग आला, मास्तरांनी टीव्ही लावला नाही. पुढच्या रविवारीही फोन वाजला नाही, आणि त्यांनीही केला नाही. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की नातींनी तिला अडकवून ठेवलंय. ती मोकळीच होती आणि तरी राहिली होती, हे आता कळलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी एकदा स्वयंपाकघरातला रेडिओ लावला. बाजारभाव चालले होते. ते दारात उभं राहून ऐकत राहिले.

बुधवारी मालकीणबाई त्यांच्या टेबलापाशी आल्या. लॅब त्यांच्या वडिलांची, मास्तरांना कामावर ठेवलं होतं तेही वडिलांनीच. त्यांच्या हातात मेणात बसवलेले दात होते.

“मास्तर, हा डावा सुळा उजवीकडे लागलाय.”

मास्तरांनी साचा हातात घेऊन पाहिला. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“बरं आहे ना तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

‘हो’ हा शब्द तोंडात तयारच होता. तो त्यांनी कसाबसा मागे ढकलला. “नाही,” ते म्हणाले.

बाईंना या उत्तराची सवय नव्हती. त्यांनी ठसेवाल्याची खुर्ची ओढली आणि बसल्या. मास्तरांनी फार काही सांगितलं नाही, पण जे सांगितलं ते खरं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पंधरा दिवसांची रजा देऊ केली. “जाऊन या,” म्हणाल्या. “पण आधी फोन करा. असे दारात जाऊन उभे राहू नका.”

शनिवारी दुपारी लॅब लवकर सुटली. आदल्या दिवशी आठवा, शेवटचा भाग येऊन गेला होता. मास्तरांनी घरी येऊन हात धुतले आणि स्वतःहून फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूने घंटा वाजत होती.

“काय झालं?” बायकोचा आवाज घाबरलेला होता. “बरे आहात ना? पडलात का कुठे?”

“काही नाही झालं. फोन केला.”

“का?”

“असाच.” मग त्यांना वाटलं, हे पुरत नाही. “त्या दिवशी तू बोललीस, ते मी पुष्कळ दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. तुझं बरोबर आहे. मला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी बोलत नाही, आणि मग समोरच्याला वाटतं, याला बोलायचंच नाही. मला बोलायचं असतं.”

ती ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

“बाईंनी पंधरा दिवस दिलेत,” मास्तर म्हणाले. “येऊ का?”

“या,” ती म्हणाली. “पण पंधरा दिवस गप्प बसायला येऊ नका. आणि मी परत निघेन अशा आशेवर येऊ नका. ते मला अजून माहीत नाही.”

“बरं.”

पुढे ते गेले, पंधरा दिवस राहिले, मोठ्या नातीला बागेत नेलं, खालच्या शेजारणीशी हातवारे करून बोलले, आणि एकटेच परत आले. ती अजून तिकडेच आहे. आता फोन आठवड्यातून दोनदा होतो, त्यातला एक ते करतात. पण ते नंतरचं. त्या दुपारी ती म्हणाली, “तुम्ही सातवा बघितला नाहीत. मी उघडला तेव्हा रेघ हललेलीच नव्हती.”

“नाही बघितला. तू?”

“दोन्ही बघितले. आठवा तर आत्ताच संपवला. मला नाही थांबता आलं.”

“मग सांग ना.”

“अहो, बघा की! तासाभराचं तर आहे.”

“नको. तू सांग.”

आणि तिने सांगायला घेतलं. मास्तर खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले. ती नावं चुकवत होती, आधीचं नंतर सांगत होती, मधेच “थांबा, त्याच्या आधी एक झालं” म्हणून मागे जात होती. दोरवाला ते भरकटलेलं जहाज ओढत नवव्या धक्क्यापर्यंत आणतो, पण लायसन्स नाही म्हणून त्याला आत घेत नाहीत. “मग तो बाहेरच थांबतो. दोर सोडत नाही. किती दिवस ते काही नीट कळत नाही, पण दाढी वाढते, त्यावरून बरेच असावेत. आणि तो मनात काय म्हणतो माहितीये? म्हणजे बोलत नाही तो, पण आपल्याला कळतं.”

“काय म्हणतो?”

“सांगते ना, दम धरा.”

तिने सगळं सांगितलं. एका भागाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मास्तर “मग?” म्हणत होते, “अरे!” म्हणत होते, एकदा हसलेसुद्धा. शेवटी त्या ओढून आणलेल्या जहाजाचं दार उघडतं तिथपर्यंत ती आली, आणि तिकडे धाकटी उठून रडायला लागली.

“एक मिनिट हं,” बायको म्हणाली. “ठेवू नका.”

तिने फोन कुठेतरी ठेवला, बहुधा ओट्यावर. मास्तरांनी तो कानाला तसाच धरून ठेवला. तिकडे पोरीचं रडणं जवळ आलं, मग थांबलं. कुणीतरी कपाट उघडलं. लेक कुणालातरी “आई कुठे आहे?” असं विचारत होती, जावई काहीतरी म्हणाला, मोठी नात हसली, भांड्यावर चमचा आपटला. इकडे खिडकीतलं ऊन सरकून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. एक मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. ती विसरली असावी. मास्तर ऐकत बसून राहिले.